निम्म्या दरातला सुपुत्र

मला कुणी काही विकू शकत नाही. वस्तू घ्यायची की नाही हे मी ठरवतो, आणि घेतली तर माझ्या भावात घेतो. छांगवनच्या बेअरिंगच्या कारखान्यात मी खरेदी विभागाचा प्रमुख आहे. माल पुरवणारे लोक माझ्या खोलीत शिरण्याआधी जिन्यात थांबून पाणी पितात, हे मी स्वतः पाहिलंय. एकाने भाव सांगितला, मी नुसता चष्मा काढून पुसला, तर त्याने तीन टक्के कमी केले! अशा माणसाला, म्हणजे मला, प्यो ग्वांग-शिकला, भिंतीवरच्या एका आरशाने नागवलं. गेले कित्येक दिवस मी संतापलेलो आहे, आणि हा संताप कुणाला तरी सांगितल्याशिवाय उतरणार नाही.

सुरुवात कारखान्याच्या वार्षिक आरोग्य तपासणीपासून झाली. डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी आहे. पत्नी मि-रान म्हणाली, आपल्या सोसायटीच्या तळघरात व्यायामशाळा आहे, महिन्याला दोन वाडगे सूप-भाताच्या पैशांत होतं, तिथे जा. पण तिथे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष अर्ध्या चड्डीत असतात. त्यांच्याशी पार्किंगवरून माझं भांडण आहे. ज्या माणसाशी भांडायचं त्याचे गुडघे पाहिलेले असू नयेत, असं माझं मत आहे.

म्हणून मी घरी बसवायच्या यंत्रांचा अभ्यास केला. आरसा सगळ्यांत सरस निघाला. माणसाएवढा उंच, भिंतीला ठोकलेला, दोन्ही बाजूंनी दोन हात बाहेर आलेले आणि त्या हातांना दोऱ्या. लोखंडाची वजनं नाहीतच. विजेने वजन तयार होतं. काचेत एक शिक्षिका दिसते, ती तुम्हाला नावाने हाक मारते आणि तुम्ही कंबर वाकडी ठेवलीत तर तेही सांगते. तीन वर्षांच्या हप्त्यांवर यंत्र आपलं. वर दरमहा सदस्यत्वाची फी, एकोणपन्नास हजार वॉन.

ही फी म्हणजे शिक्षिकेचा पगार, हे मी लगेच ओळखलं. आणि दोरी ओढायला मला शिक्षिका कशाला हवी? मी विक्रेत्याला दोन तास घोळवला. चटई फुकट, भिंतीला ठोकणं फुकट, पहिल्या दोन महिन्यांची फी माफ! सही करताना त्या विक्रेत्याचा चेहरा इतका पडला होता, की मला त्याची दया आली. दोन महिने शिक्षिकेकडून फुकट शिकून घ्यायचं आणि तिसऱ्या महिन्यात तिला रजा द्यायची, असा माझा बेत होता.

तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे आरशासमोर उभा राहिलो, दोन्ही दोऱ्या धरल्या, श्वास घेतला आणि सगळा जोर लावून ओढलं.

मी सोफ्यावरून उलटा होऊन फुलदाणीसकट जमिनीवर गेलो!

दोरीला वजनच नव्हतं! कपडे वाळत घालायच्या दोरीला असतं तेवढंही नव्हतं. मी आडवा पडल्या पडल्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात माझी चौकशी केली, लागलं तर नाही ना, असंही विचारलं. मग म्हणाली, "साहेब, यंत्र तुमचंच आहे. वजन आमचं आहे."

तुम्हीच सांगा! एखाद्याने गाय विकावी आणि कास भाड्याने द्यावी, तसला हा प्रकार. वीस वर्षं मी करारातली बारीक अक्षरं वाचून लोकांना घाम फोडला, आणि माझ्याच करारात ते वाक्य चांगलं ठसठशीत छापलेलं होतं. मी बारीक अक्षरं वाचण्याच्या नादात मोठी वाचलीच नव्हती.

आता हिशोब पाहा. यंत्र परत करावं तर दंड, ते उतरवून न्यायचे पैसे, आणि भिंतीला पडलेली भोकं माझी. ठेवावं आणि फी भरू नये, तर हप्ते चालू आणि घरात एक महागडा आरसा. फी भरावी तर महिन्याला पाच वाडगे सूप-भात त्या काचेतल्या बाईच्या घशात. मि-रान म्हणाली, भरून टाका आणि गप्प बसा. मी म्हणालो, प्रश्न पैशांचा नाही. ती म्हणाली, तुमचा प्रश्न कधी दुसऱ्या कशाचा असतो का?

तेव्हा मला ती योजना सापडली. तिचं नावच मुळी 'सुपुत्र योजना'. सत्तरीच्या पुढचे आई किंवा वडील तुमच्या घरी राहत असतील आणि आठवड्यातून तीनदा आरशासमोर व्यायाम करत असतील, तर फी निम्मी! पुढच्या चौतीस महिन्यांची निम्मी फी. मी मनातल्या मनात चष्मा पुसला.

मला आई आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ठणठणीत. फक्त ती माझ्या घरी राहत नाही. ती नामहे बेटावर राहते आणि लसूण पिकवते. मेच्या अखेरीस तिचा लसूण काढायला येतो, आणि माझी पाठ नेमकी त्याच सुमारास धरते. सात वर्षांपूर्वी लसूण उपटताना एकदा चमक भरली होती, तेव्हापासून हे दरवर्षी होतं. वैद्यकशास्त्राकडे याचं उत्तर नाही. आई बिचारी कधी काही बोलत नाही. मी मेच्या मध्यावर फोन करून पाठ कशी आहे ते सांगतो, ती "जप रे बाबा" म्हणते, आणि जूनमध्ये लसणाचं पोतं घरपोच येतं.

मी आरशात आईचं नाव घातलं, ह्वांग जोम-रे. जन्मसाल घातलं, फोन नंबर घातला. तिच्या फोनवर परवानगीसाठी संदेश गेला. मुलाकडून आलं म्हणजे चांगलंच असणार, या विश्वासाने तिने जे दिसेल ते बटण दाबून टाकलं. आता आरशाला आईचा चेहरा हवा होता. 'कृपया आईंना समोर उभं करा,' असं म्हणून तो वाट पाहत राहिला.

मी आई कुठून आणू? शंभर किलोमीटरवरून आठवड्यातून तीनदा?

त्याच वेळी भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. खालचे पहारेकरी होते. म्हणाले, दहाशेतीन, तुमच्या उड्यांमुळे नऊशेतीनच्या आजींच्या छतावरचा दिवा हलतोय. त्यांनी आज तिसऱ्यांदा तक्रार केली आहे.

वरचे आणि खालचे यांचं आमच्याकडे पिढीजात वैर असतं. त्यावरून लोक कोर्टात गेलेत. अशा वेळी खाली जाऊन मान लवून यायचं आणि हातात फळांची पेटी न्यायची, अशी पद्धत आहे. पण एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरीचा भाव काय असतो हे मला माहीत आहे. मी आईने पाठवलेल्या लसणाच्या दोन माळा उचलल्या आणि खाली गेलो.

आजींचं नाव छन बोंग-सुन. वय शहात्तर. मासानच्या मासळीबाजारात त्यांनी हयात घालवली. मुलगा व्हिएतनाममधल्या कारखान्यात, सून-नातवंडंही तिकडेच. त्यांनी लसूण हुंगला, एक पाकळी सोलून तोंडात टाकली आणि म्हणाल्या की हा ज्या बाईने लावलाय तिचा हात चांगला आहे, मुलाच्या पायांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. सत्तरीच्या पुढच्या. घर माझ्या बरोबर खाली. आणि त्या वर माझ्या घरी असतील, तेव्हा खाली आवाज ऐकायला कुणी नसेल! एका दगडात दोन पक्षी म्हणतात, मी तर अख्खा थवा पाडत होतो. मी त्यांना प्रस्ताव दिला.

"म्हणजे मी तुमची आई व्हायचं," आजी म्हणाल्या.

"फक्त आरशापुरतं."

"आणि आईला जेवायला कोण घालणार?"

पुढचा अर्धा तास मला आठवतही नाही. मासळीबाजारातल्या बाईशी भाव करायला बसू नये, ही गोष्ट खरेदीच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी उठलो तेव्हा असं ठरलं होतं, की सकाळची मालिका लागली असताना मी वर हलायचंसुद्धा नाही, आणि आठवड्यातून तीन दिवस आजी व्यायामानंतर आमच्याकडे नाश्ता करतील, त्यात माशाचं सूप असेल. मासा ताजा. मी माझ्या दारात येऊन पोहोचलो तेव्हा लक्षात आलं, की लसणाची तिसरी माळ पोहोचवायचंही कबूल करून आलोय.

दुसऱ्या दिवशी आजी आरशासमोर उभ्या राहिल्या. आरसा म्हणाला, "नमस्कार, ह्वांग जोम-रे आई." आजींनी आरशाला कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, जेवलीस का गं? शिक्षिका म्हणाली, छान, आता गुडघे वाकवा. आजी म्हणाल्या, उत्तर दिलं नाही, आजकालच्या मुली अशाच.

फी निम्मी झाली! तो पहिला आठवडा मी आनंदात होतो. पुढचं मात्र एकेक ऐका.

आजींनी उभा जन्म बर्फात भरलेली माशांची खोकी उचलली होती. तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्याएवढं वजन ओढू लागल्या, चौथ्यात माझ्याहून जास्त. मग त्या बाजूला बसून माझा व्यायाम पाहू लागल्या. काचेतली शिक्षिका निदान गोड तरी बोलायची. आजी म्हणायच्या, "दहाशेतीनवाले, श्वास सोडा की. तो सोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत." नाश्त्याला मि-रानची किमची त्यांनी दोनदा चावली आणि सांगितलं की मीठ बरोबर आहे, बाकीचं पुढच्या वर्षी जमेल. मि-रानने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात समजावलं, की निम्म्या फीत जेवढे वाचतात त्याच्या दुप्पट ताज्या माशाला जातात, आणि हा हिशोब ज्या माणसाला येत नाही त्याला कारखान्याने प्रमुख कसं केलं.

मी चिडलो. आरशावर चिडलो, कंपनीवर चिडलो, समुद्रातल्या माशांवर चिडलो. आणि या सगळ्या रागाचा मी एकच उपयोग केला. पैसे भरतोयच तर शेवटच्या वॉनपर्यंत वसूल करायचे! सकाळी ओढायचो, संध्याकाळी ओढायचो. प्रत्येक झटक्याला दात-ओठ खाऊन कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. रागाने माणूस सुकतो म्हणतात. माझी पाठ मात्र दणकट होत चालली. शिक्षिका म्हणाली, "प्यो साहेब, तुमची पाठ आता उत्कृष्ट वर्गात आली आहे." मी म्हणालो, तुझी फी कुठल्या वर्गात आहे ते सांग.

मेच्या पहिल्या आठवड्यात कंपनीतून फोन आला. मला वाटलं, पकडलं. पण फोनवरची मुलगी आनंदाने गुदमरली होती. दक्षिणेकडच्या सगळ्या शहरांत आमच्या आईंची प्रगती पहिली आली होती! आठ मे म्हणजे मातृपितृदिन. त्या दिवशी कंपनीची प्रतिनिधी कार्नेशनची फुलं घेऊन आमच्या घरी येणार, आईचा आणि माझा फोटो काढणार. मी म्हणालो, आईला प्रसिद्धी आवडत नाही. मुलगी म्हणाली, हरकत नाही, फोटो नको. पण सवलतीची पडताळणी म्हणून एकदा येऊन आईंना भेटावं तर लागेलच.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी कुठल्या कड्यावर उभा होतो. पडताळणीत पितळ उघडं पडलं तर सवलत जाणार, मागची वाचलेली फी दंडासकट परत द्यावी लागणार. तेही एक वेळ सोसलं असतं. पण बातमी फिरत फिरत नामहेला गेली तर? काही हजार वॉनसाठी मुलाने दुसरी आई लावली, हे माझ्या आईच्या कानांवर गेलं तर? या विचाराने मला रात्री घाम फुटायचा, आणि तो घाम आरशात मोजला जात नव्हता.

मी आठ तारखेला अर्धी रजा टाकली. आईला सकाळीच फोन करून शुभेच्छा दिल्या, पैसे पाठवलेत म्हणून सांगितलं. आज दिवसभर कारखान्यात मोठी बैठक आहे, संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, असंही सांगितलं. आई "बरं" म्हणाली. मागून कुठल्या तरी वाहनाचा आवाज येत होता. तो आवाज मी तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.

आजी सणासुदीचा पारंपरिक पोशाख, हान्बोक, घालून आल्या, जांभळा. केस करून आल्या होत्या. म्हणाल्या, आजचा दिवस मी तुला अरे-तुरे करणार, आईने मुलाला दहाशेतीनवाले म्हटलेलं बरं दिसत नाही. मग ग्वांग-शिक पाणी आण, ग्वांग-शिक उशी दे, ग्वांग-शिक खिडकी लाव, असं अर्धा तास चाललं होतं. प्रतिनिधी आली. मा यू-जिन नावाची, नुकतीच नोकरीला लागलेली असावी. तिने आजींच्या छातीवर कार्नेशन लावलं आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. सगळं सुरळीत चाललं होतं! एवढ्यात इंटरकॉम वाजला.

पहारेकरी म्हणाले, "दहाशेतीन, तुमच्या मातोश्री आल्यात."

"त्या इथेच आहेत," मी प्रतिनिधीकडे बघत हसून म्हणालो.

"मग ही दुसरी आहे. हिच्या पाठीवर भारा आहे. मी वर पाठवलंय."

मी दार उघडलं. समोर माझी आई, ह्वांग जोम-रे. एका हातात पिशवी, पाठीवर लसणाच्या कोवळ्या दांड्यांचा हा एवढा भारा. वासाने अख्खा मजला दरवळत होता. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विशेषतः मधल्या भागात. म्हणाली, "बैठक लवकर संपली वाटतं."

आत शिरून तिने भारा उतरवला. जांभळ्या हान्बोकातल्या बाईकडे पाहून मान लववली. मा यू-जिनने विचारलं, या कोण? मि-रान स्वयंपाकघरातून बाहेर आली, दृश्य पाहिलं आणि परत आत गेली. मला आयुष्यात बायकोची इतकी गरज कधी लागली नव्हती. आईचं लक्ष एव्हाना आरशाकडे गेलं होतं. हाच का तो, असं म्हणत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

आरसा उजळला. क्षणभर त्याने विचार केला आणि म्हणाला, "अनोळखी व्यक्ती. कृपया कुटुंबातील सदस्यांनाच समोर उभं राहू द्या."

आजींनी छातीवरचं फूल हाताने झाकलं.

तिथे मी फुटलो. सगळं ओकलो! दोरीचं वजन, निम्मी फी, दोन माळा लसूण, माशाचं सूप, एक शब्द मागे ठेवला नाही. आई, मी तुझ्या जागी दुसरी बाई उभी केली, मी नालायक आहे, तू एवढ्या लांबून जाब विचारायला आलीस, विचार. असं म्हणून मी गुडघ्यांवर बसलो.

आई सावकाश म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

"मला दर सोमवारी फोन यायचा. आईने एवढ्या बैठका काढल्या, एवढं वजन उचललं. मला वाटलं, फोन माझ्या रानातलं मोजतोय. आकडा बरोबरच वाटायचा."

मी तसाच गुडघ्यांवर. मग ती कशासाठी आली होती?

झालं होतं असं. तो आरसा दर आठवड्याला कुटुंबातल्या प्रत्येकाला अहवाल पाठवायचा. म्हाताऱ्यांना अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांचा फोन तो मोठ्याने वाचून दाखवायचा. एवढ्या एका सेवेबद्दल कंपनीने जादा पैसे घेतले नव्हते, आणि नेमकी तीच सेवा माझ्या मुळावर आली! आई दुपारी गावच्या सभागृहात जाते. तिथे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकत्र जेवतात आणि पत्ते खेळतात. दर सोमवारी जेवण झालं की पत्ते वाटायच्या आधी माझा अहवाल लागायचा. गेले पाच-सहा सोमवार सबंध गाव ऐकत होतं, ग्वांग-शिकने किती उचललं.

आई मा यू-जिनकडे वळली. "पोरी, तू कंपनीतली ना? याच्या पाठीचं काय ते जरा वाच."

मा यू-जिनला वाटलं, आता आपण परिस्थिती सावरावी. तिने अभिमानाने वाचून दाखवलं. पाठ उत्कृष्ट. छांगवन शहरात पन्नाशीपुढच्या पुरुषांत नववा क्रमांक. एका वेळी साठ किलो ओढतात.

"लसणाचं पोतं वीस किलोचं असतं," आई म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही, की रडली नाही. मग म्हणाली, "सात वर्षं मी देवळात तुझ्या पाठीसाठी दिवा लावतेय, ग्वांग-शिक. तेलाचे पैसेही भरतेय."

याच्यापेक्षा तिने मला झाडूने बडवलं असतं तर परवडलं असतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, या वेळी आजींनी तिची बाजू घेतली. म्हणाल्या, ताई, मी रोज बघते ना, याची पाठ बैलासारखी आहे, फक्त जीभ दुखरी आहे. दोघींनी एकमेकींचं वय विचारलं. आई मोठी निघाली. त्या क्षणापासून त्या बहिणी झाल्या आणि मी दोघींचा गुन्हेगार. मि-रानने दोघींपुढे सूप ठेवलं. मला कुणी विचारलं नाही.

मा यू-जिन कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. मला वाटलं, आता ही दंड सांगणार. पण ती म्हणाली की मुलगा परदेशी असलेल्या एकट्या शेजारणीला आपण आईचा मान दिलात, अशी उदाहरणं आज कुठे दिसतात? मी म्हणालो, तसं नाही हो, मी निम्म्या फीसाठी... ती म्हणाली, हा तुमचा विनय, आणि दुसरं फूल आईच्या छातीवर लावून मी उठायच्या आत तिने फोटो काढला. पाच दिवसांनी कंपनीच्या जाहिरातीत माझा फोटो झळकला. मी मध्ये, गुडघ्यांवर. दोन्ही बाजूंना दोन आया, दोघींच्या छातीवर कार्नेशन. खाली, 'दोन मातांचा सुपुत्र'. आमच्या सोसायटीने तो लिफ्टमध्ये लावला. अध्यक्षांनी स्वतः लावला! कारखान्यात माल पुरवणारे आता मला विचारतात, दोन्ही मातोश्री बऱ्या आहेत ना? आणि भाव कमी करत नाहीत.

फोटोबरोबर कंपनीचं पत्र आलं. दंड माफ. माझ्या घरी आता दोन माता नोंदवल्या होत्या. सवलत चालूच राहणार, मात्र मेच्या अखेरच्या आठवड्यापासून नियमाप्रमाणे दोघींनीही आठवड्यातून तीनदा व्यायाम केला तर.

मेच्या अखेरीस मी नामहेला गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? दहा दिवसांची रजा टाकली. आजी म्हणाल्या, घरी बसून कंटाळा येतो, मीही येते. बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी घेतली. मि-रान म्हणाली, तिची पाठ दुखतेय. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत राहिली. मी विषय वाढवला नाही.

शेतावर अर्धं गाव जमलं होतं. बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या सभागृहातल्या. मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. नववा क्रमांक आला, असं कुणीतरी ओरडलं. पहिला दिवस मी दाखवून दिलं! वाफ्यामागून वाफा उपटत गेलो. पोती दोन-दोन उचलली. आई बांधावर बसून जुड्या बांधत होती. दुपारच्या जेवणात माझ्या ताटात मासळीचा मधला तुकडा आला. तो आजींना हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या वाफ्यात वाकलो आणि कमरेत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. मी तसाच राहिलो. वर येता येईना, खाली जाता येईना. आरशात दोरी सरळ येते, हळू येते, नको असेल तर सोडून देता येते. लसूण तसा येत नाही. तो धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो.

"आई," मी वाकल्या वाकल्या म्हणालो, "पाठ धरली."

सबंध शेत हसलं. एक म्हातारी तर वाफ्यात बसली. मी शपथा घेतल्या. देवळातल्या त्या दिव्याची शपथ घेतली. आजी जवळ आल्या, माझी पाठ दाबून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, दगड आहे दगड. काही झालेलं नाही."

त्या दिवशी सोमवार होता. आईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. आईने तो काढून आवाज पूर्ण वाढवला आणि सगळ्यांना गप्प केलं. शेतभर तो गोड, ओळखीचा आवाज घुमला. या आठवड्यात दोन्ही मातांचा व्यायाम पूर्ण झालेला नाही, म्हणून सवलत थांबवून पूर्ण फी आकारण्यात येत आहे. प्यो ग्वांग-शिक, पाठ : उत्कृष्ट.

आईने फोन पिशवीत ठेवला आणि पुढच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

तुम्हाला म्हणून सांगतो, पाठ खरंच धरली होती. अजूनही धरलेली आहे. पण माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा असलेला तो साक्षीदार मीच पोसतो आहे, पुढची अडीच वर्षं, आणि तोही पूर्ण पगारावर!